घरच्या घरी शॅम्पू बार: आधी नळाचं पाणी बघा, मग टाळू, मग रेसिपी

शॅम्पू बार घरी करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, त्यात घालू काय, माका घालू का ब्राह्मी का जास्वंद, आणि मी उलट विचारते की तुमच्या बिल्डिंगला पाणी कुठलं येतं. समोरच्याला वाटतं ही विषय टाळतेय. पण खरंच, वडी कितीही छान जमली तरी ती शेवटी तुमच्याच बाथरूममध्ये वापरायची आहे, आणि आपल्याकडे एका सोसायटीचं पाणी दुसऱ्या सोसायटीसारखं नसतं. नेरूळ, सीवूड्सकडे मोरबे धरणाचं पाणी. ठाण्यात भातसा, स्टेम, एमआयडीसी अशा वेगवेगळ्या पाणीपुरवठ्यांचं मिळून येतं. धरणाचं पाणी साधारण मऊच असतं, त्याची तक्रार नाही. पण घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्यांत महापालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून टँकर आणि बोअर दोन्ही एकाच टाकीत ओततात आणि मग एप्रिल-मे मध्ये नळाच्या तोंडाशी पांढरी पूड जमायला लागते, बादलीला आतून थर येतो, आणि केस धुतल्यावर हात फिरवला तर बोटं अडकतात. माझ्या नणंदेकडे नेरूळला जो साबणाचा बार केसांना झकास चालतो तोच माझ्याकडे वापरला की केस वाळल्यावर मेण चोपडल्यासारखे. बार तोच, पाणी वेगळं.

म्हणून आधी हे समजून घ्या की "शॅम्पू बार" या नावाखाली दोन पूर्ण वेगळ्या वस्तू विकल्या आणि शिकवल्या जातात.

एक म्हणजे साबण. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रिॲक्शन झाली की साबण तयार होतो, मग त्यात शिकेकाई घाला नाहीतर केशर घाला, तो साबणच. त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो आणि तो खाली आणता येत नाही, आणायला गेलात तर साबण मोडतो आणि त्यातली फॅटी ॲसिड्स सुटी होतात. आपल्या टाळूचा पीएच साधारण ५.५. एवढ्या क्षारात केस फुगतो, त्यावरचे बारीक खवले उचलले जातात, केस राठ लागतात आणि गुंता होतो. वर जड, म्हणजे कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा चिकट साका करतं, तोच केसांवर बसतो. बऱ्याच ठिकाणी सांगतात ना, की सुरुवातीला केस चिकट वाटतील, तो ट्रान्झिशन पिरियड आहे, सहन करा, केस डिटॉक्स होतायत... डिटॉक्स वगैरे काही नसतं हो, तो साका आहे. पाणी बदललं नाही तर तो महिन्यांनीही जात नाही.

आणि बाजारात मिळणारा मेल्ट अँड पोअर बेस, जो वितळवून साच्यात ओतला की झाला "हर्बल शॅम्पू बार", तोही बहुतेक वेळा साबणच असतो. वर्कशॉपमध्ये पटकन होतो, दिसतो सुंदर, म्हणून चालतो.

दुसरी वस्तू म्हणजे सिंडेट बार. यात साबण नसतोच. नारळाच्या तेलातल्या फॅटी ॲसिडपासून बनवलेला सोडियम कोकोइल आयसेथिओनेट नावाचा सौम्य सर्फॅक्टंट, म्हणजे मळ आणि तेल सोडवणारा पदार्थ, असतो, त्याला सगळे एससीआयच म्हणतात. हा पीएच ५ ते ६ ला आरामात राहतो, जड पाण्यातही साका करत नाही, आणि करताना कॉस्टिक सोड्याला हात लावायला लागत नाही. नवख्यांनी हाच करावा असं माझं स्पष्ट मत आहे आणि पुढचं सगळं याच्याबद्दल आहे.

घरात आधीच कुठला बार पडला असेल आणि तो साबण आहे का सिंडेट हे कळत नसेल तर हळद काढा. पांढऱ्या सुती फडक्यावर चिमूटभर हळद पाण्यात कालवून डाग पाडा, वाळू द्या, मग बार ओला करून त्यावर घासा. डाग लालभडक झाला तर साबण. पिवळाच राहिला तर सिंडेट. वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तीच गोष्ट आहे, हळद क्षारात रंग बदलते. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचत बसण्यापेक्षा ही टेस्ट भारी आणि फुकट.

पाणी आणि टाळू तपासा

पाण्यासाठी दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत तेवढंच डिस्टिल्ड वॉटर, ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. दोन्हीत साध्या अंगाच्या साबणाचा चिमूट चिमूट किस टाका, साबणच हवा, लिक्विड हँडवॉश किंवा भांड्याचं जेल नको कारण ते जड पाण्यातही फेस देतं. झाकण लावून जोरात हलवा. डिस्टिल्डच्या बाटलीत वर भरपूर फेस आणि खाली जवळजवळ स्वच्छ पाणी दिसेल. नळाच्या बाटलीत फेस बेताचा आणि पाणी दुधट, वर पांढरे कण तरंगतायत असं दिसलं तर तुमचं पाणी जड आहे. आकडाच हवा असेल तर पाणी तपासायची स्ट्रिप ऑनलाइन मिळते, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलाय आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो एकूण क्षार सांगतो, कठीणपणा नाही. आणि ही टेस्ट पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा करा, टँकर सुरू झाले की उत्तर बदलतं.

आता टाळू. तेल न लावता केस धुवा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिश्यू पेपर माथ्यावर आणि कानामागे दाबून बघा. पेपर पारदर्शक झाला तर टाळू तेलकट, नुसता दमट वाटला तर नॉर्मल, काहीच उमटलं नाही आणि टाळू ओढल्यासारखी वाटते तर कोरडी. बार निवडायचा तो टाळू बघून. केसांची टोकं कोरडी, फाटलेली आहेत म्हणून बारमध्ये बटर वाढवत बसलात तर मुळं तेलकट होणार आणि टोकं होती तशीच. टोकांना वेगळं कंडिशनर लावा ना. आणि ते केस ग्लासात टाकून तरंगतो का बुडतो बघायची टेस्ट असते, तिच्यात फार अर्थ नाही, पाण्याच्या पृष्ठताणामुळे कुठलाही हलका केस तरंगतो.

सामान

भांड्यांत काय, स्टीलचं एक छोटं पातेलं, त्यात बसेल असं स्टीलचं दुसरं, म्हणजे डबल बॉयलर झाला. ॲल्युमिनियम नको. सिलिकॉनचा स्पॅच्युला, कुकिंग थर्मामीटर, मास्क, पीएच स्ट्रिप्स आणि डिजिटल काटा. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवाच. चमच्याने, वाटीने मोजायचं नाही, एससीआय कधी पावडर येतं कधी नूडल्स, त्याच वाटीत वजन कितीतरी बदलतं.

आता घटक, २०० ग्रॅमसाठी, यात साधारण ६५ ग्रॅमच्या तीन वड्या होतात. हे नॉर्मल टाळूचं माप.

एससीआय ११६ ग्रॅम
कोकामिडोप्रोपिल बिटेन ३२ ग्रॅम
डिस्टिल्ड वॉटर १२ ग्रॅम
सिटिल अल्कोहोल १४ ग्रॅम
स्टिअरिक ॲसिड ६ ग्रॅम
कोकम बटर ६ ग्रॅम
ग्लिसरीन ४ ग्रॅम
शिकेकाई किंवा आवळा पावडर, वस्त्रगाळ, ५ ग्रॅम
पँथेनॉल २ ग्रॅम
प्रिझर्व्हेटिव्ह २ ग्रॅम
इसेन्शियल ऑइल १ ग्रॅम

यात कोण काय करतं ते थोडक्यात. एससीआय केस धुतं, बाकी सगळे त्याचे मदतनीस. बिटेन हे पिवळट पातळ लिक्विड असतं, त्याने फेस मऊ होतो आणि मुख्य म्हणजे एससीआय त्यात मऊ पडतं. सिटिल अल्कोहोलच्या नावावर जाऊ नका, ते मेणासारखे पांढरे दाणे असतात, केस कोरडे करणारं अल्कोहोल ते नाही, उलट केस गुळगुळीत करतं. स्टिअरिक ॲसिडने वडी कडक होते. ग्लिसरीन मुद्दाम कमी ठेवलंय, परदेशातल्या रेसिप्यांमध्ये जास्त असतं पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या जुलैत वडीला घाम फुटतो.

कोकम बटर म्हणजे भेगांना लावायला आजी वापरायची ते मुठेल, कोकणी मेव्याच्या दुकानात गोळे मिळतात. फक्त गावठी गोळा असेल तर वितळवून कपड्याने गाळून घ्या, आणि त्याला स्वतःचा थोडा वास असतो, नाही आवडला तर रिफाइंड घ्या.

प्रिझर्व्हेटिव्हवरून वाद घालणारे भेटतात. फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीनचं तयार मिश्रण मिळतं, ते घ्या आणि बाटलीवर लिहिलेलं प्रमाण ओलांडू नका, बहुतेकदा १ टक्क्यापर्यंत असतं. वडीत पाणी कमीच असतं मग कशाला, असं म्हणतात, पण ही वडी रोज भिजणार, बंद बाथरूममध्ये राहणार, वर वनस्पतीची पावडर घातलेली, आणि चार महिने पाऊस. बुरशीला अजून काय हवं.

शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा असलं सगळं ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, पूड करून घेतलीत तरी घरी मलमलच्या फडक्यातून परत चाळा, जाडसर कण राहिले तर टाळूला टोचतात आणि केसात दिसतात. केमिकल सामान एक तर ऑनलाइन, साबण-कॉस्मेटिकचा कच्चा माल विकणाऱ्या साइटवर, नाहीतर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला. गंमत म्हणजे असले सर्फॅक्टंट जगभर पुरवणारी गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स ही आपल्या नवी मुंबईचीच कंपनी, कारखाना तळोज्याला, पण ते काय आपल्याला पाव किलो देणार नाहीत. घेताना एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) आणि एससीआय यात गल्लत करू नका, एसएलएस स्वस्त असतं पण टाळूला बरंच कडक. आणि एससीआय शक्यतो बारीक नूडल्समध्ये घ्या, पावडर लवकर मऊ होते खरी पण उडते फार.

कृती

पंखा बंद, मास्क लावा. हे एससीआयसाठी, त्याची धूळ नाकात गेली की शिंकांवर शिंका आणि घसा खवखवतो, विष वगैरे नाही पण त्रास होतो. मुलांना त्या वेळेपुरतं स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

आतल्या पातेल्यात आधी पातळ पदार्थ, बिटेन, पाणी, ग्लिसरीन. त्यात एससीआय हळूहळू सोडून स्पॅच्युलाने दाबत दाबत मिसळा, ढवळू नका नुसतं, दाबा. ओल्या वाळूसारखं दिसेल, दिसू दे. आता हे पातेलं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, वर झाकण, गॅस मंद. इथे घाई करणारे फसतात. एससीआय स्वतः वितळत नाही, त्याचा वितळबिंदू २०० अंशांच्या आसपास आहे, आपण त्याला फक्त बिटेनमध्ये मऊ करतोय, त्यामुळे गॅस मोठा करून काही होत नाही, उलट पाणी उडून मिश्रण कोरडं होतं. ७० ते ७५ अंशांवर ठेवा आणि पाचेक मिनिटांनी झाकण काढून दाबून मळा, परत झाकण. असं वीस मिनिटं ते अर्धा तास. पावडर असेल तर लवकर, नूडल्स असतील तर अजून थोडं. शेवटी ते मोदकाच्या उकडीसारखं दिसायला हवं, एकसंध, चमकदार, पातेलं सोडणारं. बोटाने चिमूट घेऊन चोळा, रवाळ लागलं तर अजून वाफेवर ठेवा. रवाळ वडी वापरताना टाळूला खरखर लागते आणि लवकर तुटते.

मिश्रण वाफेवर असतानाच दुसऱ्या वाटीत सिटिल अल्कोहोल, स्टिअरिक ॲसिड आणि कोकम बटर वितळवून घ्या. स्टिअरिकला सगळ्यात जास्त उष्णता लागते, ७० अंशांच्या आसपास, ते विरघळलं की बाकीचे झालेच. हे पारदर्शक झालं की गरम गरम उकडीत ओता आणि मळा. सुरुवातीला तेल वेगळं तरंगतंय असं वाटतं, मळत राहा, घेतं ते.

मग गॅस बंद. पातेलं खाली उतरवा, वस्त्रगाळ पावडर घाला, मिसळा. हात लावता येईल इतकं कोमट झालं, म्हणजे ४५ अंशांच्या खाली, की पँथेनॉल, प्रिझर्व्हेटिव्ह आणि इसेन्शियल ऑइल. गरम असताना घातलंत तर वास उडून जातो, पैसे वाया. फार वेळही लावू नका, मिश्रण थंड झालं की घट्ट होतं आणि मग मिसळत नाही.

पीएच या वेळी तपासायचा. मिश्रणाचा १ ग्रॅम तुकडा ९ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, त्यात स्ट्रिप बुडवा. वडीवर थेट स्ट्रिप चिकटवून काही कळत नाही. ५ ते ६ मध्ये आला की पुढे जा. जास्त आला तर १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड ४ ग्रॅम पाण्यात विरघळवून त्याचे थेंब थेंब घाला, मळा, परत तपासा. आवळा घातला असेल तर बहुतेक वेळा याची गरजच पडत नाही. जास्वंद घातली असेल तर मात्र स्ट्रिपचा रंग वाचताना फसाल कारण जास्वंद स्वतःच आम्लात गुलाबी आणि क्षारात हिरवट होते, शाळेत दर्शक म्हणून केली असेल बघा प्रयोगशाळेत. तेव्हा पावडर घालायच्या आधीच पीएच बघून ठेवा.

आता साचा. सिलिकॉनचा असेल तर उत्तम, नाहीतर स्टीलच्या वाटीला आतून क्लिंग फिल्म लावा. मिश्रण थोडं थोडं टाकून अंगठ्याने घट्ट दाबत जा, विशेषतः कडेला, आत हवा राहिली की वडी तिथूनच फुटते. मोदकाच्या साच्यात केल्या तर दिसायला फार गोड दिसतात पण टोक आधी झिजतं आणि मग काहीतरी विचित्र गोळा उरतो, भेट द्यायला ठीक. साचा तासभर फ्रिजमध्ये ठेवून वड्या काढा.

काढल्या की लगेच वापरायच्या नाहीत. जाळीवर ठेवून पंख्याखाली, सावलीत, रोज उलटायच्या. कोरड्या दिवसांत पाच सहा दिवस पुरतात. पावसाळ्यात दोन आठवडेही लागू शकतात आणि बाहेर ठेवून वाळत नसतील तर घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, बुटांच्या खोक्यातून निघतात त्या फेकू नका. बाथरूममध्ये वाळवायला ठेवू नका हे सांगायला नको, पण सांगते.

तुमच्या केसांप्रमाणे बदल

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही.

तेलकट टाळू असेल तर कोकम बटर ६ वरून २ ग्रॅम करा आणि उरलेल्या ४ ग्रॅमच्या जागी पांढरी केओलिन क्ले. रिठ्याची पावडर पण चालते, तिचा स्वतःचा फेस असतो, पण डोळ्यात गेली की चांगलंच चरचरतं. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत, लोकलने रोज जाणाऱ्यांची टाळू घामाने ओली आणि चिकट असते ती सगळीच तेलकट नसते, त्यामुळे टिश्यूची टेस्ट केल्याशिवाय हा बदल करू नका.

कोरडी टाळू किंवा कुरळे केस असतील तर उलट. बटर ६ वरून १० ग्रॅम, एससीआय ११६ वरून ११२. हवं तर पाण्यातले २ ग्रॅम कमी करून तेवढं हायड्रोलाइज्ड राइस प्रोटीन. पावडर कमी किंवा नकोच, कुरळ्या केसातून ती निघता निघत नाही. कुरळे केसवाल्यांनी कंडिशनर लावायचंच, बार कितीही सौम्य असला तरी.

केराटिन, स्मूदनिंग किंवा कलर केलेल्यांना सल्फेट-फ्री सांगितलेलं असतं, हा तसाच आहे. फक्त पीएच ५ च्या जवळ ठेवा आणि क्ले, रिठा टाळा.

केस अगदी पातळ, बसके असतील तर सिटिल अल्कोहोल १४ वरून १० करा आणि ते ४ ग्रॅम एससीआयमध्ये टाका, केस कमी चपटे बसतात.

जड पाणीवाल्यांसाठी रेसिपी तीच, फक्त शेवटचा एक तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घ्यायचा. आरओचं पाणी असेल तर फारच छान फरक दिसतो. हट्टाने साबणाचा बारच वापरायचा असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटी केसांवरून ओता, थोडी तरी चिकटी निघते.

कोंड्याचं विचारतील म्हणून लिहिते. साधा कोरडेपणाचा भुसा असेल तर सौम्य बारने कमी होऊ शकतो. पण चिकट पिवळट पापुद्रे, खाज, लाली असेल तर तो बारचा विषय नाही, त्याला किटोकोनाझोलसारखं औषध लागतं, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. टी ट्री ऑइल जास्त घालून तो बरा होत नाही, टाळू भाजल्यासारखी होते मात्र. केस गळणंही तसंच. केसांवर दोन मिनिटं राहून वाहून जाणारी वस्तू केस उगवत नाही, मग त्यात माका असो नाहीतर रोझमेरी.

लहान मुलांसाठी करताना इसेन्शियल ऑइल पूर्ण काढा. वास नसला तरी त्यांना काही फरक पडत नाही, आयांनाच हवा असतो.

हे घालू नका

गॅलरीतल्या कुंडीतली ताजी कोरफड, शिकेकाईचा काढा, दही, नारळाचं दूध, अंडं. ताज्या आणि पाणीदार गोष्टी वडीत घातल्या की प्रिझर्व्हेटिव्ह पण हात टेकतं, काही दिवसांत वास मारतो नाहीतर काळे ठिपके येतात. काढा करायचाच असेल तर वेगळा करा आणि त्याच दिवशी वापरा, आपल्याकडे पूर्वीपासून तसंच करतात आणि ते बरोबरच आहे. बेकिंग सोडाही नको, त्याने पीएच वर जातो आणि आपण इतका वेळ केलेली मेहनत पाण्यात. लिंबाच्या रसाऐवजी मोजून सायट्रिक ॲसिड घ्या, लिंबू कधी किती आंबट निघेल सांगता येत नाही.

आणि बीटीएमएस, म्हणजे केस मऊ करणारा कंडिशनिंगचा घटक. कंडिशनर बारच्या रेसिपीत दिसतं म्हणून बरेच जण शॅम्पू बारमध्येही टाकतात. त्याचा विद्युतभार एससीआयच्या उलट असतो, दोघं एकमेकांना धरून बसतात आणि ना धड फेस येतो ना धड कंडिशनिंग. अनुभवी लोकं प्रमाण सांभाळून करतात, पहिल्या बॅचला नको.

वापरताना

पहिल्यांदा वापरायच्या आधी फेस करून कोपराच्या आतल्या बाजूला लावा, धुवा, दोन दिवस बघा. बिटेनची ॲलर्जी काहींना असते, इसेन्शियल ऑइलची तर बऱ्याच जणांना.

केस पूर्ण भिजवा, बार मुळांवरून चार पाच वेळा फिरवा, बास, मग बोटांनी फेस करा. केसांच्या लांबीवर बार घासायचा नाही, फेस खाली ओघळतो तेवढ्याने टोकं स्वच्छ होतात. रविवारी चोपडून तेल लावलं असेल तर दोनदा धुवायला लागेल, पहिल्या वेळी फेस येणारच नाही, बार खराब आहे असं समजू नका.

वडी जाळीच्या साबणदाणीत, शॉवरच्या धारेपासून लांब. पाण्यात बसली तर दोन आठवड्यांत लगदा. घरातल्या प्रत्येकाला वेगळी वडी द्या, टाळूही वेगळी आणि भांडणंही कमी.

प्रत्येक बॅचवर तारीख आणि काय काय घातलं ते चिठ्ठीवर लिहा, डब्यात टाका. कोरड्या वड्या सहा महिन्यांत वापरून टाकलेल्या बऱ्या, वास बदलला, तेल खवट झालं किंवा ठिपका दिसला तर टाकून द्या, कापून उरलेला भाग वापरू नका.

जमायला लागलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विकायची कल्पना डोक्यात येतेच, दिवाळीच्या स्टॉलला तर हमखास. द्यायला, भेट म्हणून, मोकळेपणाने द्या. पण विक्रीसाठी कॉस्मेटिक बनवायला ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट १९४० आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली परवाना लागतो, आपल्याकडे तो राज्याच्या एफडीएकडून, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो, आणि त्यासाठी जागा, उपकरणं, माणूस याच्या अटी आहेत. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते बसत नाही.

उरलेल्या चकत्या, साच्याच्या कडेचा चुरा, वापरून बारीक झालेली वडी हे सगळं एका डब्यात जमवत जा, मूठभर झालं की चार थेंब गरम पाणी शिंपडून वाफेवर मऊ करा आणि परत थापा. प्रवासाला न्यायला हीच छोटी वडी बरी पडते, हँडबॅगेत लिक्विड म्हणून कोणी अडवत नाही.